ईमेलची किल्ली कोणाकडे?

पोस्टकार्ड तुम्हाला माहीत असेलच. पोस्टमनपासून शेजारच्या काकूंपर्यंत कुणीही वाचू शकतं. नेहमीचा ईमेल सहसा बंद थैलीतून जातो, पण कंपनीच्या सर्व्हरवर ती थैली उघडता येते, कारण किल्ली कंपनीकडे असते. म्हणूनच जीमेल पूर्वी जाहिरातींसाठी आपली पत्रं तपासू शकत होतं. हे थांबवत असल्याचं गूगलने २०१७ मध्ये जाहीर केलं; किल्ली मात्र आजही त्यांच्याकडेच आहे.

एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमध्ये पत्राला पाठवणाऱ्याच्या मोबाईलवरच कुलूप लागतं आणि ते घेणाऱ्याच्याच मोबाईलवर उघडतं. अशा सेवांपैकी दोन प्रसिद्ध आहेत: स्वित्झर्लंडची प्रोटॉन मेल (२०१४) आणि जर्मनीची टुटा. दोन्हींत मोफत खातं मिळतं. फरक कुठे? प्रोटॉनमध्ये पत्राच्या विषयाची ओळ असं कुलूपबंद होत नाही, टुटात होते. म्हणून प्रोटॉन वापरत असाल तर विषयात 'वैद्यकीय अहवाल' असं लिहू नका!

आता एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. तुमचा मित्र जीमेलवरच असेल, तर त्याला पाठवलेलं साधं पत्र गूगलकडे वाचण्याजोगंच पोहोचतं. त्यासाठी पत्राला वेगळा पासवर्ड लावावा लागतो आणि तो फोनवर सांगावा लागतो.

शिवाय गुप्तता म्हणजे अदृश्य होणं नव्हे. २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशामुळे प्रोटॉनला फ्रान्समधल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता नोंदवून द्यावा लागला. पत्रांचा मजकूर मात्र देता आला नाही, कारण किल्ली कंपनीकडे नव्हतीच. माझ्या मते सेवा निवडताना जाहिरातीपेक्षा हे उदाहरण जास्त उपयोगी आहे.

किल्ली तुमच्याकडे, म्हणजे जबाबदारीही तुमचीच. टुटामध्ये पासवर्ड आणि रिकव्हरी कोड दोन्ही हरवले तर खातं गेलंच समजा. प्रोटॉनमध्ये पासवर्ड बदलून मिळू शकतो, पण रिकव्हरीची सोय आधी केली नसेल तर जुनी पत्रं वाचता येत नाहीत. तेव्हा कोड कागदावर लिहून दहावीच्या मार्कशीटच्या फाईलमध्ये ठेवा.

आणखी एक. २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रोटॉन मेल भारतात ब्लॉक करण्याची प्रक्रिया सुरू करायला केंद्र सरकारला सांगितलं होतं. त्यामुळे ही सेवा घेण्याआधी ती सुरळीत चालते ना, ते बघा. बँक आणि शिष्यवृत्तीचे अर्ज काही महिने जुन्याच पत्त्यावर राहू द्या.