टर्मिनलवर चालते, ब्राउझरमधून का नाही?

प्रश्न : माझी पायथॉन स्क्रिप्ट टर्मिनलवर नीट चालते. अपाचीतून सीजीआयने चालवली की तिला डेटाबेसचा पासवर्डच सापडत नाही. असे का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : पासवर्ड तुम्ही ‘बॅशआरसी’ फाइलमध्ये एक्स्पोर्ट केला असणार. ती फाइल तुमचे शेल वाचते, अपाची नाही. उबुंटूवर अपाची स्क्रिप्ट ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या वेगळ्याच युजरच्या नावाने चालवतो आणि तिला मोजकीच व्हेरिएबल्स देतो. म्हणून साइटच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘सेटएन्व्ह’ लिहा. ‘पासएन्व्ह’ वापरायचे असेल, तर व्हेरिएबल आधी अपाचीच्या स्वतःच्या ‘एन्व्हव्हार्स’ फाइलीत एक्स्पोर्ट केलेले हवे. नेमके हेच राहून जाते. मग सर्व्हर रीस्टार्ट करा. कळकळीची विनंती: तपासणीसाठी सगळी व्हेरिएबल्स छापणारे पान बनवले असेल, तर ते लगेच काढून टाका. पासवर्ड त्यात उघडा दिसतो.