बोटीवरचा सराव टाळता येईल का?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुंबईहून गोव्याला क्रूझने जाणार आहोत. सोबत सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. सगळ्यांना सुरक्षा सरावाला जावंच लागतं म्हणे. एवढ्या मोठ्या बोटीवर ही नुसती औपचारिकताच ना? नाही गेलो तर चालेल का?
— एक वाचक भगिनी, भद्रावती

उत्तर : नाही ताई, चालणार नाही. मोठ्या बोटीला धोका नसतो, हा समज १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीजवळ खोटा ठरला. कोस्टा काँकॉर्डिया हे अवाढव्य जहाज खडकावर आदळलं आणि ३२ जण दगावले. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता, कारण तेव्हा त्यासाठी २४ तासांची मुभा होती. २०१५ पासून तो जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावा लागतो. आपल्याकडेही डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेली ‘नीलकमल’ ही प्रवासी बोट बुडाली, तेव्हा अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं.

सासूबाईंबद्दल घाबरू नका. बुकिंग करताना आणि चढतानाही त्यांच्या गुडघ्यांचं सांगून ठेवा, म्हणजे बसण्याची आणि मदतीची सोय करता येते. जमण्याची जागा बहुधा केबिनच्या दारामागे लिहिलेली असते. तिथवरची वाट तुम्ही स्वतः जिन्याने चालून बघा. आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, ही आणीबाणीची खूण मुलांनाही पाठ हवी. काही जहाजांवर माहिती मोबाइलवर दाखवतात, तरी ठरल्या जागी हजेरी लावावीच लागते. सासूबाईंची रोजची औषधं मात्र मोठ्या बॅगेत नको, हाताशी ठेवा.