नवजात शिशूंचा वैद्य होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

बारावीचा निकाल लागून ‘नीट’च्या गुणांची चर्चा सुरू झाली म्हणजे आपल्या शहरातील पुष्कळ घरांतून एकच चिंता ऐकू येते: मूल डॉक्टर होईल खरे, पण स्थिरस्थावर कधी होईल? नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात आयुष्य वेचण्याची आकांक्षा बाळगणाऱ्यांच्या आईवडिलांना तर उत्तर ऐकून धसकाच बसतो, कारण एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे, आंतरवासितेचे एक, बालरोगशास्त्रातील एम.डी.ची तीन आणि ‘नीट-एसएस’मधून प्रवेश मिळाल्यास नवजातशास्त्रातील डी.एम. अथवा डीआर.एन.बी.ची आणखी तीन, अशी साडेअकरा वर्षे होतात, आणि शासकीय महाविद्यालयात लिहून दिलेल्या बंधपत्राची सेवा व प्रवेशपरीक्षांत निसटलेले एखादे वर्ष त्यांत मिळवले की तिशी सहज उलटते. हा हिशेब खरा आहे आणि तो कोणी लपवू नये. मात्र आंतरवासितेपासून विद्यावेतन मिळू लागते, एम.डी. झालेला मनुष्य बालरोगतज्ज्ञ म्हणून स्वतंत्र उभा राहू शकतो, आणि शेवटच्या तीन वर्षांचा निर्णय बारावीच्या वयात करण्याचे मुळी कारणच नाही.

हे शिक्षण घेण्यासाठी दूर जावेच लागते असे नाही. 1956 साली स्थापन झालेल्या आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे साऱ्या मराठवाड्याच्या तोंडी असलेल्या ‘घाटी’त, नवजात शिशूंचा स्वतंत्र विभाग असून नवजातशास्त्रातील डी.एम.चे अध्यापनही तेथे होते. जालना, बीड, परभणी, हिंगोली, शिवाय विदर्भातील बुलढाणा, अशा जिल्ह्यांतून अडलेली बाळंतीण किंवा अपुऱ्या दिवसांचे मूल घेऊन नातलग येथे येतात आणि ‘बाळाला काचेत ठेवले आहे’ एवढेच गावाकडे कळवून दाराबाहेर बसून राहतात. नमुना नोंदणी पद्धतीच्या 2020 च्या अहवालाप्रमाणे महाराष्ट्रात दर हजार जिवंत जन्मांमागे 16 बालके वर्षाच्या आत दगावली, आणि त्यांतील 11 पहिल्या 28 दिवसांतच. या विद्येची गरज कोठे आहे, हे या दोन आकड्यांवरून कळते.

प्रशिक्षणाचे खरे स्वरूप मात्र माहितीपत्रकांत सापडत नाही. त्याचा पहिला धडा हात धुण्याचा, आणि तो अखेरच्या दिवसापर्यंत संपत नाही. कारण ज्या देहात संसर्गाशी झुंजण्याचे बळ अद्याप आलेले नाही, त्याला वैद्याच्या बोटांवरचे जंतूही प्राणघातक ठरतात. जन्मतः न रडलेल्या मुलाचा श्वास पहिल्या मिनिटाच्या आत सुरू करून द्यावयाचा, अपक्व फुफ्फुसांत नळीवाटे सरफॅक्टंट सोडावयाचे, नाकावाटे सीपॅपचा दाब द्यावयाचा, नाळेच्या सूक्ष्म शिरेत नळी घालावयाची, ही हस्तकौशल्ये प्रथम पुतळ्यावर आणि मग वरिष्ठांच्या नजरेखाली बाळावर गिरवावी लागतात. परंतु हाताहून विवेकाची कसोटी अधिक कठीण असते. एक किलो वजनाच्या बाळाच्या अंगात सारे मिळून सुमारे 90 मिलिलिटर रक्त असते, तेव्हा तपासणीसाठी एक मिलिलिटर काढतानाही ती तपासणी खरोखर हवी आहे काय, असा प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. आणि ज्या प्राणवायूने जीव वाचतो तोच प्रमाणाबाहेर गेला तर दृष्टिपटलाला इजा करतो, म्हणून रात्रीच्या तिसऱ्या प्रहरीही यंत्रावरच्या आकड्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

यंत्रांची ही भाषा ऐकून आईचे स्थान विसरण्याचा संभव असतो, आणि माझ्या मते ज्या विभागात ते विसरले जाते तेथे शिक्षण अपुरेच राहते. 1989 साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी उभारली, आणि डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत घरोघरी जाऊन शिशूंची निगा राखणाऱ्या आरोग्यदूत तयार केल्या. या दोन्ही कार्यांत आईचे दूध, आईची ऊब आणि तिच्यापर्यंत पोहोचलेले ज्ञान यांनाच औषधाचे मोल आहे. बाळाला मातेच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची कांगारू पद्धत हीदेखील त्याच जातीची. ती नीट करून घ्यावयाची तर घाबरलेल्या, थकलेल्या बाईशी तिच्या बोलीत बोलता आले पाहिजे. आणि बाळ वाचणार नाही हे तिला व तिच्या सासरमाहेरच्या माणसांना सांगण्याचे दुर्धर कामही याच डॉक्टरकडे येते.

यास्तव विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे, की एम.डी.च्या काळात या विभागातील रात्रपाळ्या मनापासून कराव्यात आणि पुढचा निर्णय त्यांच्या अनुभवावर सोडावा. प्रवेशाची संस्था निवडताना इमारतीच्या झगमगाटापेक्षा तेथे किती बाळे दाखल होतात, एका परिचारिकेकडे किती बाळे असतात, रात्री वरिष्ठ हजर असतात की केवळ फोनवर, आणि घरी गेलेल्या मुलांची दृष्टी, श्रवण व वाढ पुढे तपासली जाते किंवा नाही, याची तेथील निवासी डॉक्टरांकडे समक्ष चौकशी करावी. पालकांनीही मुलाच्या या निर्णयाची मुदत अगोदर ठरवून देऊ नये. ज्यांना तीन वर्षांचा अभ्यासक्रम झेपणार नाही, त्यांना एम.डी.नंतर एका वर्षाची फेलोशिप करता येते; आणि जिल्हा रुग्णालयांतील नवजात शिशू विशेष काळजी कक्षांना अशा तयारीच्या बालरोगतज्ज्ञांची नितांत निकड आहे.