रस्ता रुंद केला म्हणून मुंबई जवळ येत नाही

इंटरनेट कंपनीचं जाहिरातीचं पत्र तुमच्याकडेही अधूनमधून येत असेल. सध्याचा ३०० एमबीपीएसचा प्लॅन सोडा, महिन्याला थोडे जास्त पैसे भरा आणि १ गिगाबिट घ्या, मग सगळं कसं झटपट! असं पत्र आलं की परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना पहिला आठवतो तो घरचा व्हिडिओ कॉल. आई-बाबांशी बोलताना आवाज उशिरा पोचतो, दोन्हीकडचे एकदम बोलायला लागतात, मग दोन्हीकडचे थांबतात. "हां, बोल तू." "नाही नाही, तू बोल." हे थांबणार असेल तर द्यावेत की चार पैसे जास्त!

या लेखात आपण एवढंच तपासणार आहोत की त्या जास्तीच्या पैशांनी हे खरंच थांबेल का. बहुतेक घरांपुरतं उत्तर 'नाही' असं आहे. ते माझ्यावर विश्वास ठेवून मान्य करू नका. शाळेतला गुणाकार-भागाकार येत असेल तर तुम्ही स्वतः पडताळून पाहू शकता.

एमबीपीएस म्हणजे नेमकं काय?

एमबीपीएस म्हणजे एका सेकंदात किती मेगाबिट माहिती जाऊ शकते त्याचं माप. इथे बिट आणि बाइट यांत गल्लत करू नका. ८ बिटांचा १ बाइट होतो. म्हणजे ३०० एमबीपीएसच्या जोडणीतून सेकंदाला जास्तीत जास्त ३७.५ मेगाबाइट येतात. फाइलींचा आकार आपण बाइटमध्ये मोजतो, कंपन्या मात्र जोडणी बिटमध्ये विकतात. आकडा आपोआप आठपट मोठा दिसतो.

पण खरा गोंधळ 'स्पीड' या शब्दाने केला आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे डोळ्यांसमोर आणा. एका दिशेला तीन लेन आहेत. उद्या त्या दहा केल्या तर तासाला पुष्कळ जास्त गाड्या पुण्याला पोचतील. पण रस्ता रिकामा असेल तर एका गाडीला लागणारा वेळ तीन लेन असतानाही तेवढाच आणि दहा असतानाही तेवढाच. एमबीपीएस हे लेनचं माप आहे. ती रुंदी झाली, वेग नव्हे.

मोठी फाइल उतरवायची असेल तर रुंदीच कामाची. १०० गिगाबाइटचा गेम १०० एमबीपीएसवर उतरायला सव्वादोन तास लागतील, १ गिगाबिटवर तेरा-चौदा मिनिटं. इथे जाहिरात खोटं बोलत नाही. व्हिडिओ कॉलचं गणित मात्र वेगळं आहे. चांगल्या प्रतीच्या कॉलला प्रत्येक दिशेने साधारण ३ ते ४ एमबीपीएस पुरतात. नेटफ्लिक्स स्वतः फोरके चित्रासाठी १५ एमबीपीएस सुचवतं. चार खोल्यांत चार जण एकाच वेळी फोरके सिनेमे बघत बसले तरी ६० होतात. कॉलची एक गाडी जायला तीनशे लेन असताना हजार लेन घेऊन त्या गाडीला काय मिळणार?

मुंबई किती मिलिसेकंद लांब आहे?

कॉलमध्ये आपल्याला छळतो तो विलंब, म्हणजे लेटन्सी. आपला शब्द पॅकेटांत बांधला जातो, तिकडे पोचतो, त्यावर तिकडचं उत्तर परत येतं. या फेरीला लागणारा वेळ मिलिसेकंदांत मोजतात.

समुद्राखालच्या केबलमध्ये माहिती प्रकाशाच्या रूपाने काचेच्या तंतूतून जाते. निर्वातात प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर असला तरी काचेत तो सुमारे २ लाखांवर येतो. आता आपल्या गावापासून मुंबईपर्यंतचं सरळ अंतर घ्या, जाऊन-येऊन म्हणून दुप्पट करा आणि २ लाखांनी भागा. दुबई-मुंबई सुमारे १,९०० किमी, म्हणजे १९ मिलिसेकंद. लंडन-मुंबई ७,२०० किमी, म्हणजे ७२. न्यूयॉर्क-मुंबई १२,५०० किमी, म्हणजे १२५. सॅन फ्रान्सिस्को-मुंबई १३,५०० किमी, म्हणजे १३५.

हे झाले आदर्श आकडे, म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरून अगदी सरळ रेषेत केबल टाकली असती तरचे. प्रत्यक्षात न्यूयॉर्कहून निघालेला शब्द बरेचदा अटलांटिक ओलांडून युरोपात, तिथून भूमध्य समुद्र, इजिप्त, तांबडा समुद्र असा वळसे घेत मुंबईला पोचतो. वाटेतली यंत्रंही आपापला थोडा वेळ घेतात. त्यामुळे फेरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास किंवा वर जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ केबल तुटल्या, तेव्हा वाहतूक दुसऱ्या लांबच्या वाटांनी वळवावी लागली आणि विलंब वाढला. त्या दिवशी कुणाचाही प्लॅन बदलला नव्हता. बदलली होती ती वाट.

म्हणजे न्यूयॉर्कहून केबलने बोलणाऱ्याला या १२५ मिलिसेकंदांखाली जाणारा प्लॅन कुठलीही केबल कंपनी विकू शकत नाही, कारण तो काचेतल्या प्रकाशाने घालून दिलेला नियम आहे. विलंबाची किंमत ज्यांना खरोखर कळते ते लोक काय करतात बघा. २०१० साली शिकागो आणि न्यूयॉर्क परिसर यांच्यामध्ये शेअर बाजारातल्या व्यवहारांसाठी एक नवी फायबर केबल टाकली गेली. तिचं मुख्य आकर्षण एवढंच होतं की ती आधीच्या केबलपेक्षा जास्त सरळ रेषेत जात होती. फेरीमागे एक-दोन मिलिसेकंद वाचवण्यासाठी त्यांनी डोंगर फोडले. पुढे मायक्रोवेव्हच्या मनोऱ्यांनी तिलाही मागे टाकलं, कारण हवेत प्रकाश काचेतल्यापेक्षा जलद जातो. विलंब कमी करायला त्यांनी लेन वाढवल्या नाहीत, वाट सरळ केली आणि काच टाळली.

एवढ्याशा वेळाने काय बिघडतं?

दोनशे मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. पण संभाषणाची लय याच मापावर चालते. २००९ साली जगातल्या दहा भाषांतल्या गप्पांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला (मराठी त्यात नव्हती). एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतची सर्वसाधारण फट त्यात सुमारे २०० मिलिसेकंद निघाली. कॉलमधला विलंब या फटीत मिसळतो. तुम्ही लगेच उत्तर दिलेलं असतं, पण तिकडे ते रेंगाळून दिल्यासारखं पोचतं. जर्मनीतल्या संशोधकांच्या २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं की अशा वेळी लोक दोष लाइनला न देता समोरच्या माणसाला देतात. तो कमी लक्ष देतोय, कमी आपुलकीने बोलतोय असं त्यांना वाटतं. घरच्या फोनवर "तुझं लक्षच नाही" हे वाक्य ऐकलं असेल, तर त्यातला काही वाटा केबलचाही असू शकतो!

टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय मानकांत एका बाजूच्या तोंडापासून दुसऱ्या बाजूच्या कानापर्यंतचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा अशी शिफारस आहे. अमेरिकेतून बोलणाऱ्याचे त्यातले शंभरएक प्रवासातच खर्च होतात. आवाजाचं अंकांत रूपांतर, वायफाय, तिकडचा मोबाइल टॉवर यांचे वेगळे. शेजारच्या गावाशी बोलणाऱ्या अमेरिकन माणसाकडे विलंबाची भरपूर शिल्लक असते. आपली मात्र फोन लागतानाच संपत आलेली असते. म्हणूनच घरात वाया जाणारा प्रत्येक मिलिसेकंद आपल्याला जास्त महाग पडतो.

खरा चोर: घरातली रांग

आता तुम्ही म्हणाल, अंतर तर रोज तेवढंच असतं, मग कॉल काही वेळा चांगला चालतो आणि अचानक का बिघडतो? याचं एक मोठं कारण तुमच्या मोडेममध्ये किंवा राउटरमध्ये बसलेलं असतं.

इंटरनेटवर माहिती पाठवायला बहुतेक घरांत अपलोडची रुंदी डाउनलोडपेक्षा बरीच कमी असते. अमेरिकेतल्या केबल टीव्हीच्या जाळ्यात तर हे जुनंच दुखणं आहे. ते जाळं मुळात घरांकडे टीव्ही पोचवण्यासाठी बांधलेलं. उलट दिशेला परंपरेने फक्त ५ ते ४२ मेगाहर्ट्झची चिंचोळी पट्टी ठेवलेली असे. त्यामुळे जाहिरातीत ठळक ३०० आणि खाली बारीक अक्षरात अपलोड १० असे प्लॅन निघाले.

समजा तुमचा अपलोड १० एमबीपीएस आहे आणि नेमकं त्याच वेळी एखाद्या फोनने शंभर फोटो क्लाउडवर चढवायला घेतले. फोटोंची पॅकेटं राउटरच्या तात्पुरत्या साठ्यात रांग लावतात. त्या साठ्यात १ मेगाबाइट रांग साचली तर १ मेगाबाइट म्हणजे ८ मेगाबिट, भागिले १०, म्हणजे ०.८ सेकंद. तुमच्या "हॅलो"चं पॅकेट या रांगेच्या शेपटाला उभं राहतं. मुंबईला जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद लागतात आणि घराच्या दारातून बाहेर पडायलाच ८००! खालापूरच्या टोलनाक्यावर तासभर अडकलेल्याला पुढे घाट किती मोकळा आहे याचं काय कौतुक?

या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या अमेरिकन अभियंत्याने २०१० च्या सुमारास ते लोकांसमोर आणलं. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग लांबू न देण्याची एक सोपी युक्ती मांडली. तिच्यावर आधारलेली पद्धत २०१८ साली इंटरनेटच्या अधिकृत कागदपत्रांत नोंदली गेली आणि आज कित्येक राउटरमध्ये 'स्मार्ट क्यू' किंवा 'एसक्यूएम' अशा नावाने उपलब्ध आहे. ती चालू करताना वापरायची मर्यादा सहसा आपल्या मोजलेल्या रुंदीच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवतात. म्हणजे गंमत बघा, विकत घेतलेल्या एमबीपीएसपैकी १० टक्के आपण होऊन सोडायचे आणि कॉल सुधारायचा. हे वाक्य कुठल्याही जाहिरातीत सापडणार नाही.

मोजमाप कोणी, कुठे, कधी केलं?

संशोधनात कुठलाही आकडा समोर आला की आधी विचारतात, हा कोणत्या परिस्थितीत मोजला? जाहिरातींनाही तोच प्रश्न विचारायला हवा. ब्रिटनमध्ये २०१८ पर्यंत 'अमुक एमबीपीएसपर्यंत' असं छापायला तो आकडा १० टक्के ग्राहकांना मिळाला तरी चालत असे. २३ मे २०१८ पासून नियम बदलला. आता जाहिरातीतला आकडा गर्दीच्या वेळी, रात्री ८ ते १० मध्ये, निदान निम्म्या ग्राहकांना मिळायला हवा. तार तीच, कंपन्या त्याच, पण नियम बदलल्यावर जाहिरातींतले पुष्कळ आकडे खाली आले. अमेरिकेत एप्रिल २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना प्रत्येक प्लॅनसोबत खाद्यपदार्थांच्या पाकिटावर असतं तसं लेबल द्यावं लागतं. त्यात डाउनलोडशिवाय अपलोड आणि विलंबाचेही नेहमीचे आकडे असतात. नवा प्लॅन घेण्याआधी ते जरूर वाचा.

आपण करतो ती स्पीड टेस्टही तशी अर्धीच बोलते. तिचा सर्व्हर बहुधा आपल्याजवळचाच असतो, मुंबईचा नव्हे. शिवाय विलंब अनेकदा लाइन रिकामी असताना मोजलेला असतो. फास्ट डॉट कॉमवर जास्त माहिती दाखवायला सांगितलं तर रिकाम्या लाइनवरचा आणि भरलेल्या लाइनवरचा असे दोन्ही विलंब दिसतात. पहिला १५ आणि दुसरा ३० असेल तर चिंता नाही. दुसरा ४०० असेल तर दुखणं सापडलं, आणि १ गिगाबिटचा डाउनलोड हा त्यावरचा इलाज नाही.

मग काय करायचं?

आधी फुकटचे उपाय. घरच्या कॉलच्या वेळी फोटोंचा बॅकअप थांबवा. शक्य असेल तर लॅपटॉप तारेने राउटरला जोडा. राउटरमध्ये रांग आवरण्याची सोय असेल तर ती चालू करा. हेच गावाकडेही बघा. आई-बाबांचा फोन घरातल्या कोपऱ्यात एका कांडीवर चालत असेल, तर न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये कितीही पैसे भरले तरी ती कांडी एकाची दोन होणार नाही. त्यांना खिडकीशी बसवणं किंवा तिथे ब्रॉडबँड घेऊन देणं जास्त उपयोगाचं.

एवढं करूनही अडचण राहिली आणि तुमच्या कामात रोज मोठ्या फाइली ये-जा करत असतील, तर मोठा प्लॅन जरूर घ्या. पण घेताना कंपनीच्या माणसाला डाउनलोडचा आकडा विचारू नका, तो तोच सांगेल. त्याला विचारा, "अपलोड किती? आणि लाइन भरलेली असताना विलंब किती?" दुसऱ्या प्रश्नाला बहुधा थोडी शांतता पसरेल. ती शांतता मात्र केबलमुळे नसेल.