नागपूर व गोंदिया विमानतळांतील अंतर : कारध्यास येणाऱ्या भाविकांसाठी माहिती

वैनगंगेच्या डाव्या तीरावर, भंडारा शहरासमोर वसलेल्या कारधा या गावास दोन विमानतळ सोयीचे आहेत. पश्चिमेस नागपूरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ व ईशान्येस गोंदियाजवळील बिरसी विमानतळ. 1949 साली सुरू झालेल्या रात्रीच्या टपाल विमानांचे संगमस्थान म्हणून नागपूर प्रसिद्ध झाले. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील असून, तेथे प्रवासी विमानसेवा 2022 साली सुरू झाली.

या दोन विमानतळांतील अंतर नकाशावरून सहज काढता येते. त्यांच्या अक्षांशांत सुमारे 0.43 अंशाचा फरक आहे. एक अंश अक्षांश म्हणजे 111 किलोमीटर. म्हणून उत्तर-दक्षिण अंतर सुमारे 48 किलोमीटर येते. रेखांशांतील फरक 1.24 अंश आहे. या प्रदेशात रेखांशाचा एक अंश सुमारे 104 किलोमीटर भरतो. म्हणून पूर्व-पश्चिम अंतर 129 किलोमीटर येते. या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण, म्हणजेच हवाई अंतर, सुमारे 138 किलोमीटर होय.

ताशी 500 किलोमीटर वेगाच्या विमानास हे अंतर कापण्यास जेमतेम 17 मिनिटे लागतील. परंतु धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, वेग कमी करून उतरणे यांचा वेळ धरल्यास थेट विमानासही अर्धा ते पाऊण तास लागेल. शिवाय विमानतळावर दोन तास आधी पोहोचावे लागते. नागपूर ते गोंदिया लोहमार्ग सुमारे 130 किलोमीटरचा आहे. एवढ्या अंतरासाठी विमानाचा विचार केल्यास वेळेची बचत होत नाही, हे यावरून ध्यानी येईल.

कारधा या दोहोंच्या मध्ये असल्याने, कोठल्याही एका विमानतळावर उतरून रस्त्याने येणे उचित ठरते. नागपूर विमानतळापासून राष्ट्रीय महामार्ग 53 ने (पूर्वीचा क्रमांक 6) अंतर सुमारे 75 किलोमीटर, तर बिरसीहून सुमारे 100 किलोमीटर आहे. रेल्वेने येणाऱ्यांसाठी वरठी येथील भंडारा रोड हे स्थानक जवळचे आहे.

पावसाळ्यात मात्र किलोमीटरपेक्षा नदी महत्त्वाची ठरते. नागपूरकडून येताना भंडाऱ्याजवळ वैनगंगा ओलांडावीच लागते. गोंदियाकडून साकोलीमार्गे आल्यास मुख्य नदी ओलांडावी लागत नाही. ऑगस्ट 2020 च्या महापुरात भंडारा शहरातील अनेक वस्त्यांत पाणी शिरले होते. कारधा येथील पुलाजवळ नदीची पातळी मोजली जाते व ती जिल्हा प्रशासनाकडून जाहीर केली जाते. जुलै ते सप्टेंबर या काळात परतीचे विमान ठरविणाऱ्यांनी, विशेषतः वृद्ध माता-पिता सोबत असणाऱ्यांनी, ती पातळी पाहूनच निघावे.

परतीच्या दिवशी नागपूरसाठी विमानाच्या वेळेपूर्वी किमान पाच तास, तर बिरसीसाठी सहा तास आधी कारधा सोडावे. गोंदियाची विमाने मोजकी असून वेळापत्रक बदलत असते. तिकीट काढण्यापूर्वी त्याची खातरजमा अवश्य करावी. घाईत उरकलेल्या दर्शनापेक्षा वेळेचा हिशेब आधी मांडून केलेली यात्रा अधिक समाधान देते.