नाक वर, विमान खाली : सिम्युलेटरमधला एक गणिताचा तास

आमच्या मनीषनगरातून सोनेगावला उतरणारी विमाने दिसतात, त्यामुळे मुलांना सिम्युलेटरचे भारी वेड. इंजिन बंद पडले की सगळी मुले एकच चूक करतात : नाक वर ओढतात. वेग घटतो, पंखांची उचल जाते आणि विमान पडते. मग करायचे काय? मोजायचे!

सेस्ना १७२ घ्या, वारा शून्य ठेवा.

चढताना : पूर्ण ताकदीवर ६० ते ९० नॉट, दर पाच नॉटला मिनिटाला किती फूट चढले ते वहीत लिहा. सर्वांत मोठा आकडा, तोच उत्तम चढाईचा वेग.

तरंगताना : थ्रॉटल पूर्ण मागे. समजा, मिनिटाला ६० नॉटला ७०० फूट, ६८ ला ७५० आणि ८० ला १००० फूट उंची गेली. मुले पटकन '६०' म्हणतात. थांबा! वेगाला घसरणीने भागा. ६८ चे उत्तर सर्वांत मोठे, म्हणजे विमान सर्वांत दूर तिथेच जाते.

कमी घसरण म्हणजे जास्त अंतर नव्हे. गुणोत्तर कशाला शिकायचे, हे मुलांना इथे न सांगता कळते. पालकहो, आज गेम बंद करू नका. शेजारी वही ठेवा.