मॅडमनीच तर शिकवलं

प्राचार्यांच्या खोलीत तो मुलगा मान खाली घालून उभा होता, शेजारी त्याचे वडील. प्राचार्यांनी विचारलं, "तिचं अकाउंट उघडायचं तुला सुचलं कसं?" त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुटपुटला, "मॅडमनीच तर शिकवलं."

आणि ते खोटं नव्हतं.

अकरावीच्या आयटीच्या पुस्तकात सायबर कायद्याचा धडा आहे. मुलं तो वाचत नाहीत, आणि खरं सांगायचं तर शिकवणारेही परीक्षेच्या तोंडावर कसाबसा उरकतात. मला तो रंगवून शिकवायचा होता. म्हणून मी जोड्या लावल्या आणि सांगितलं, शेजारच्याचा पासवर्ड काय असेल याचे पाच अंदाज कागदावर लिहा. जन्मतारीख, घरच्या गाडीचा नंबर, आवडता क्रिकेटपटू, नावापुढे १२३. वर्ग हसून लोळला. काहींचे चेहरे मात्र उतरले, कारण अंदाज बरोबर निघाले होते. तास चांगला झाला म्हणून मी खुशीत घरी गेले.

त्याच रात्री या मुलाने जोडीदार मुलीच्या इन्स्टाग्रामवर कागदावरचा तिसरा अंदाज टाकून पाहिला. अकाउंट उघडलं. तिच्या फोटोच्या जागी त्याने बटाट्याचा फोटो लावला, पासवर्ड बदलला आणि झोपी गेला. त्याच्या लेखी ती गंमत होती. तिची रात्र मात्र जागून गेली. आत शिरलेला माणूस फक्त बटाटा लावून थांबलाय, हे तिला कसं कळणार?

तिच्या आईवडिलांनी प्रकरण पोलिसांत नेलं नाही. नेलं असतं तर चूक नव्हती.

मी कलमांचे आकडे पाठ करून घेतले होते, युक्ती तर हसतखेळत शिकवली होती. राहून गेला होता एकच शब्द, परवानगी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम ४३ सुरूच त्या शब्दापासून होतं: संगणकाच्या मालकाच्या किंवा त्याचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याच्या परवानगीशिवाय कुणी आत शिरलं, माहिती उतरवून घेतली, काही बिघडवलं, तर भरपाई द्यावी लागते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं की कलम ६६ लागतं: ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरण्यासाठी ६६सी वेगळं आहेच. "मस्करी केली" म्हटल्याने कदाचित ६६ टळेल, ४३ टळत नाही.

आता मी या धड्याला संगणक बंद ठेवते. कलम ४३ फळ्यावर लिहायचं आणि मुलांनी ते घरच्या बोलीत उतरवायचं. एका मुलीने लिहिलं होतं, 'इचारल्याबिगर हात लावायचा न्हाई.' कायद्याच्या पुस्तकात इतकं नेमकं मी वाचलेलं नाही. मग प्रसंग द्यायचे. भावाने फोन करण्यापुरता मोबाईलचा पॅटर्न सांगितला होता, तू त्याचे मेसेज वाचलेस. शेजारच्या काकूंनी वायफायचा पासवर्ड एका दिवसासाठी दिला, तू महिनाभर वापरतोयस. नेटकॅफेत आधीचा माणूस लॉगआउट न करता उठून गेला. परवानगी होती का, कुणाची होती, कशापुरती होती? नेटकॅफेच्या प्रसंगावर वर्ग हमखास भांडतो. "दार उघडं असलं म्हणून आत शिरायचं का?" असं एकजण म्हणतो. मग मागच्या बाकावरून येतं, "शिरायचं नाही, पण हाक मारून सांगायचं तरी." ही भांडणं मिटवायची घाई करू नका. घंटा झाली तरी चालेल.

अभिरूप न्यायालयही घ्या, पण आपल्या कॉलेजात घडलेलं प्रकरण नाव बदलूनसुद्धा घेऊ नका. मी घेतलं. 'आरोपी' उभा राहायच्या आत साऱ्या वर्गाने वळून त्याच मुलाकडे पाहिलं. एका चुकीवर दुसरी केली.

त्यापेक्षा पालघरचं प्रकरण घ्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्यावर एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. एका गटाने सरकारची बाजू मांडावी, दुसऱ्याने तरुणींची. निकाल लागल्यावर मगच सांगायचं, की त्यात लावलेलं कलम ६६ए सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. कायदाही चुकू शकतो, हे सोळा वर्षांच्या मुलांना त्या क्षणी पहिल्यांदा जाणवतं. माझी तिसरी चूक इथेच कबूल करते. निकालानंतरही काही वर्षं मी जुन्या गाइडवरून ६६ए शिक्षेसकट शिकवत होते. रद्द झालेल्या कलमाखाली गुन्हे अजून नोंदवले जातात याचं सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये आश्चर्य वाटलं, तेव्हा मला जरा हायसं वाटलं, तेही चुकीच्या कारणासाठी. तेव्हा दर जूनला नोट्स तपासा.

तक्रार अर्ज लिहून घ्या. 'माझं अकाउंट हॅक झालं' या एका ओळीवर मुलं थांबतात. तारीख, वेळ, लिंक, स्क्रीनशॉट, आधी काय घडलं हे लिहायला लावा, आणि काहीही डिलीट करायचं नाही हे बजावा. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, रडणं नंतर.

एका बाबतीत मात्र धीर धरू नका. अल्पवयीन मुलीचा किंवा मुलाचा अश्लील फोटो फिरत असल्याचं कानावर आलं, तर 'पुरावा' म्हणून तो स्वतःच्या फोनवर मागवू नका, शिक्षकांच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. कलम ६७बी पुढे पाठवणाऱ्यालाही लागतं. दोन्हीकडचे पालक बोलावून मिटवायचा अधिकारही आपल्याला नाही. पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे.

गेल्या वर्षी हा तास संपत आला असताना एका मुलीने हात वर केला. "मॅडम, लॅबमधले आमचे सगळ्यांचे पासवर्ड तुम्ही रजिस्टरमध्ये लिहून ठेवता. आम्हाला विचारलं होतं का?"

रजिस्टर माझ्यामागच्या कपाटात होतं. कपाटाला कुलूप नव्हतं.